सुताला पाणी

नोकरीच्या तीस-बत्तीस वर्षांत एक प्रश्न मी मुलांना किती वेळा घातला असेल, याची गणतीच नाही. 'भौगोलिक कारणे लिहा : मुंबईत कापड गिरण्यांची वाढ झाली.' उत्तर ठरलेलं. एक, जवळ बंदर. दोन, मागच्या मुलखात पिकणारा कापूस. तीन, भांडवल आणि मजूर. आणि चार, दमट हवा. चार मुद्दे, चार मार्क. 'दमट हवेत सूत तुटत नाही' एवढं एक वाक्य चौथ्या मुद्द्यापुढे जोडायचं की पेपर तपासणारा खूश. सूत दमट हवेत का तुटत नाही, हे एकाही मुलाने कधी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही ते नीट माहीत नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर आठ दिवस इचलकरंजीला बहिणीकडे होते. भाचा तिथून जवळच्या एका सूतगिरणीत देखभाल खात्यात आहे. एके दिवशी म्हणाला, "मावशी, आयुष्यभर गिरण्यांवर शिकवलंस, एकदा आत येऊन तरी बघ." गेले. कापसाच्या गाठी फोडण्यापासून सगळं दाखवलं त्याने. शेवटी आम्ही जिथे तयार सुताचे कोन खोक्यांत भरतात तिथे आलो. तिथे एक भलंमोठं, आडवं, स्टीलचं पिंप होतं. रेल्वेच्या तेलाच्या टाकीसारखं, पण पुढे तिजोरीसारखा जाड दरवाजा. कोनांनी भरलेल्या गाड्या त्यात ढकलल्या, दरवाजा बंद केला, बटण दाबलं.

"हे काय रे?"

"सुताला पाणी पाजायचं मशीन."

तो सहज बोलला, पण मी तिथेच थबकले. हे शब्द मी लहानपणी आमच्या घरात ऐकलेले होते. वेगळ्या सुरात ऐकलेले होते, एवढंच.

माझी थोरली आत्या परळच्या एका गिरणीत वायंडिंग खात्यात होती. ऐन तारुण्यात विधवा झाली, कोकणातून भावाकडे आली आणि गिरणीत लागली. लालबागच्या चाळीतल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसं, त्यांत आत्या. वायंडिंग म्हणजे काय, तर त्रासन खात्यातून बारीक बॉबिनींवर सूत येतं, ते मोठ्या कोनावर गुंडाळायचं. धागा तुटला की गाठ मारायची आणि पुन्हा चालू. दिवसभर हेच. पगार गुंडाळलेल्या सुताच्या वजनावर. म्हणजे धागा जितका तुटेल तितका हात गाठी मारण्यात अडकणार, आणि तितका पगार कमी. पौष-माघात कोरडं वारं सुटलं की ती वैतागायची. "आज सूत नुसतं कडकड मोडत होतं" म्हणायची. मग गिरणीत वरच्या नळांतून पाण्याचे फवारे सुटत, टोपल्यांवर ओली गोणपाटं टाकत, खिडक्या बंद करून घेत. पिण्याच्या पाण्यासाठी उठलं तर मात्र नायकीण घड्याळाकडे बघायची. आत्या घरी येऊन म्हणायची, "सुताला न मागता पाणी मिळतं बाई. आम्हाला मागून."

तर मंडळी, त्या पिंपासमोर हे सगळं आठवलं. घरी आल्यावर भाच्याला प्रश्न विचारून विचारून मी भंडावून सोडलं, थोडं वाचलंही. त्यातून जे समजलं ते इथे लिहून ठेवते. निवृत्त मास्तरणीची खोड, दुसरं काय!

आधी थोडं शास्त्र. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि त्याला पाण्याचं भारी प्रेम. हवेत ओल असली की तो ओढून घेतो, हवा कोरडी झाली की सोडून देतो. ओल पोटात असली की तंतू लवचीक राहतो. गंमत म्हणजे ओल्या कापसाचा धागा कोरड्यापेक्षा जास्त मजबूत असतो. व्हिस्कोजचं याच्या अगदी उलट, ते भिजलं की कमजोर होतं. ओल गेली की कापसाचा तंतू ठिसूळ होतो, घर्षणाने त्याच्यावर वीज साठते, केसाळ होतो, तुटतो, आणि बारीक पिंजर हवेत उडते. आता गिरणीत काय होतं, तर शेकडो चात्या वेगाने फिरत असतात, त्यांची उष्णता खोलीत साठते, आणि मुंबईसारख्या दमट गावातसुद्धा आतली हवा कोरडी पडते. म्हणजे माझ्या भूगोलाच्या उत्तरातला चौथा मुद्दा गिरणीच्या दारापर्यंतच खरा होता. आत गेलं की दमट हवा पैसे खर्चून तयार करावी लागे.

सुतातली ओल मोजायची एक रीत आहे. सूत भट्टीत पूर्ण वाळवायचं, त्याचं वजन घ्यायचं, आणि त्या कोरड्या वजनाच्या शेकडा किती पाणी आहे ते काढायचं. व्यापारात कापसाच्या सुताला साडेआठ टक्के ओल मान्य आहे. म्हणजे १०० किलो कोरड्या सुतात साडेआठ किलो पाणी असलं तर ती लबाडी नाही, तो सुताचा स्वभाव आहे. पण साच्यावरून नुकतं उतरलेलं सूत पाच-सहा टक्क्यांवर आलेलं असतं. आता गणित करू या. पाच टक्के ओल असलेलं १००० किलो सूत घ्या. त्यात कोरडं सूत सुमारे ९५२ किलो. त्याच्या साडेआठ टक्के म्हणजे ८१ किलो पाणी. बेरीज १०३३ किलो. म्हणजे मालकाने सूत कोरडंच विकलं तर दर टनामागे ३३ किलोंचे पैसे हवेत गेले! भाच्याच्या गिरणीतून रोज कित्येक टन सूत बाहेर पडतं. त्या पिंपाची किंमत कशी वसूल होते, हे मग मला विचारावं लागलं नाही. अर्थात मालकाचा फायदा हा एक भाग. ओल परत मिळालेलं सूत पुढे विणकराकडेही कमी तुटतं, पीळ जागेवर बसतो, पिंजर कमी उडते.

पण हे ज्ञान काही गिरण्यांनी शोधलेलं नाही. ढाक्याची मलमल ज्या सुतापासून विणली जायची ते सूत काढणाऱ्या बायका पहाटे, दव असेपर्यंत कातायला बसत, नाहीतर ऊन उतरल्यावर. हवा फारच कोरडी असली तर पाण्याने भरलेलं पसरट भांडं जवळ ठेवून त्याच्यावर धागा काढत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ढाक्यातले डॉक्टर जेम्स टेलर यांनी हे तपशीलवार लिहून ठेवलं आहे. आपल्याकडचे हातमागवालेही बाण्याच्या कांड्या भिजवून, ओल्या फडक्यात ठेवून वापरत. आणि आमच्या शाळेत सूतकताईच्या तासाला टकळीवर धागा तुटायला लागला की आम्ही मुली बोट जिभेला लावायचो. गुरुजी ओरडायचे, पण धागा जुळायचा.

युरोपात ओलीचा प्रश्न आधी वजनाच्या भांडणातून पुढे आला, आणि तोही कापसाच्या आधी रेशमाचा. रेशीम तर कापसापेक्षाही जास्त पाणी पितं, आणि किंमत सोन्यासारखी. विकणारा ओलसर रेशीम तोलून देई, घेणारा आठ दिवसांनी तोलून बोंब मारी. यावर उपाय म्हणून इटलीत तुरीन इथे १७५० साली आणि फ्रान्समध्ये लिआँ इथे १८०५ साली नेपोलियनच्या हुकमाने रेशमाची ओल ठरवून देणारी सार्वजनिक घरं निघाली. 'कंडिशन' हा शब्द या घरांना तेव्हापासून चिकटला. सुरुवातीला नुसतं उबदार खोलीत रेशीम टांगून ठेवत. पुढे १८४० च्या सुमारास टालाबो नावाच्या गृहस्थाची रीत आली : नमुना पूर्ण वाळवायचा, कोरडं वजन काढायचं आणि त्यात ठरलेले ११ टक्के मिळवायचे. हाच तो आजचा हिशेब. लोकरीसाठी इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या नगरपालिकेने १८९१ साली असंच घर काढलं. म्हणजे बघा, धाग्यात किती पाणी आहे हे दशांश चिन्हापर्यंत मोजायला सरकारं, पालिका, व्यापारी सगळे एकोणिसाव्या शतकातच शिकले होते. ज्या खोलीत हा धागा ओला होतो त्या खोलीतल्या माणसाच्या छातीत काय चाललंय, हे मोजायला मात्र जरा वेळ लागला.

या गोष्टीत आपला, म्हणजे हिंदुस्थानचा, एक धागा गुंतला आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं आणि लँकेशायरला येणारा अमेरिकन कापूस आटला. मग आपला कापूस गेला. तिकडे त्याला सरसकट 'सुरत' म्हणत. त्याचा तंतू आखूड, कचरा जास्त, धागा पटापट तुटे. मग मालकांनी ताण्याला भरपूर खळ चढवायला सुरुवात केली, आणि त्या खळीत चिनी माती. त्यामुळे कापड जाडजूड आणि वजनदार दिसे. युद्ध संपलं, चांगला कापूस पुन्हा यायला लागला, पण मातीचा नाद सुटला नाही, कारण माती कापसापेक्षा स्वस्त. आता असा मातीने मढवलेला ताणा कोरड्या हवेत विणता येत नाही, कडकडून तुटतो. म्हणून मागांच्या खोल्यांमध्ये नळ्यांनी थेट वाफ सोडायला लागले. टॉडमॉर्डन गावच्या विणकरांनी तक्रार केली, आणि डॉ. जॉर्ज ब्युकॅनन यांनी १८७२ साली तिथल्या खळीच्या आणि वाफेच्या प्रकाराची चौकशी करून अहवाल दिला. अंगावरचे कपडे ओले, हवेत मातीची धूळ, आणि सुटी झाली की त्याच ओल्या कपड्यांनी इंग्लंडच्या थंडीत बाहेर! विणकरांच्या संघटना पुढची कित्येक वर्षं या वाफेविरुद्ध भांडल्या. अखेर १८८९ साली कायदा झाला. अमुक तापमानाला हवेत जास्तीत जास्त इतकीच ओल, याचा तक्ता ठरला आणि खोलीत कोरड्या आणि ओल्या फुग्याचे तापमापक टांगणं सक्तीचं झालं.

हे दोन फुग्यांचे तापमापक आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत वापरायचो. एका फुग्याला ओलं मलमल गुंडाळलेलं असतं. हवा कोरडी असेल तर त्यातलं पाणी उडतं आणि पारा खाली उतरतो. हवा दमट असेल तर पाणी उडत नाही, दोन्ही पारे जवळजवळ सारखे. माणसाचं अंगही त्या ओल्या फुग्यासारखंच आहे. घाम उडाला तर जीव थंड होतो. गरम आणि दमट खोलीत घाम उडत नाही, नुसता वाहतो. ही गोष्ट मी विज्ञानाच्या बाईंच्या बदली तासाला मुलांना शिकवली आहे, पण तिचा आत्याच्या गिरणीशी संबंध तेव्हा लावला नव्हता.

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावरांनी १८५४ साली काढली, ती १८५६ ला सुरू झाली. जमशेटजी टाटांनी मात्र आपली एम्प्रेस मिल नागपूरला, कापसाच्या आणि कोळशाच्या जवळ उभारली. १ जानेवारी १८७७ ला ती सुरू झाली. मुंबईच्या लोकांनी वेड्यात काढलं होतं त्यांना. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे, सुताचं काय, माणसाचं पापड होतं तिथे. एम्प्रेस मिलमध्ये हवेत ओल आणणारी यंत्रं आणि आग विझवणारे फवारे बसवले गेले. त्या काळच्या हिंदुस्थानात हे मोठं धाडस होतं. पुढे मुंबई, अहमदाबाद, सोलापूर, सगळीकडे ही फवाऱ्यांची सोय आली. पण ओल आणणं आणि हवा खेळती ठेवणं या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी. खिडकी उघडली की ओल पळते. म्हणून खिडक्या बंद. १९२० च्या दशकात सरकारने टी. मॅलोनी या तज्ज्ञाकडून इथल्या गिरण्यांतल्या या प्रकाराची पाहणी करून घेतली. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला, त्यात कृत्रिम ओलीवर एक आखखं कलम होतं, पंधरावं. त्यात एक अट होती : हवेत फवारायचं पाणी सार्वजनिक नळाचं किंवा पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणचं असावं, नाहीतर ते नीट शुद्ध करून घ्यावं. हे वाचलं आणि मी जरा वेळ तशीच बसून राहिले. अशी अट कायद्यात घालावी लागते, म्हणजे त्याआधी कुठलं कुठलं पाणी त्या फवाऱ्यांतून उडत असेल आणि कुणाकुणाच्या नाकातोंडात गेलं असेल!

एक गंमत सांगायची राहिली. १९०६ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये स्टुअर्ट क्रेमर नावाचा इंजिनिअर कापड गिरण्यांच्या हवेत ओल आणण्याच्या खटपटीत होता. हवा ओली करायची, स्वच्छ करायची, हवी तशी गरम-गार करायची, या सगळ्याला मिळून एक नाव त्याला हवं होतं. कापडाच्या धंद्यात 'कंडिशनिंग' हा शब्द रुळलेला होताच. त्याने त्याच्या आधी 'एअर' लावलं. झालं एअर कंडिशनिंग! आज मे महिन्यात आपण ज्याच्या खाली पांघरूण घेऊन झोपतो त्या एसीचं बारसं असं सुताच्या गिरणीत झालं. माणसाला गार वाटावं म्हणून हा शब्द निघालाच नव्हता.

आता पुन्हा आपल्या पिंपाकडे. कोनावर गुंडाळलेल्या सुताला ओल द्यायच्या जुन्या रीती साध्या होत्या. तळघरात फरशीवर किंवा विटांवर पाणी सोडायचं आणि सुताच्या टोपल्या दिवसचे दिवस तिथे ठेवायच्या. किंवा चालत्या पट्ट्यावर कोन ठेवून वरून पाणी फवारायचं. अडचण ही की कोन हा चांगला गच्च गुंडाळलेला असतो. वरचे थर पाणी पितात, पोटातलं सूत कोरडंच. ज्यादा पाणी मारलं तर वर बुरशी. शिवाय वजन वाढवायच्या मोहाला दार उघडं. मग निर्वात यंत्रं आली. भाच्याने मला समजावलं ते असं : "मावशी, कुकर उलटा कर. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी शंभराच्या वर उकळतं. इथे आम्ही पंपाने आतली हवा ओढून घेतो. दाब पाचव्या हिश्शावर आला की पाणी साठ अंशालाच उकळतं." हवा निघून गेलेली असल्यामुळे कोनाच्या पोटातल्या पोकळ्याही रिकाम्या असतात. त्यांत ही कोमट वाफ थेट गाभ्यापर्यंत शिरते आणि प्रत्येक थराला सारखी ओल मिळते. साठ अंशांची वाफ असल्याने सूत पिवळं पडत नाही. तळघरात ज्याला दिवस लागायचे ते काम तासाभरात होतं. स्विस आणि जर्मन कंपन्यांनी ही यंत्रं नावारूपाला आणली, आणि १९९० नंतर आपल्याकडे निर्यातीचं सूत काढणाऱ्या नव्या गिरण्या निघाल्या तशी ती इथेही दिसायला लागली.

मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिसली ती अशी, की पाणी त्या पिंपाच्या आत होतं आणि आम्ही बाहेर. दरवाज्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या माझ्या साडीला ओल लागली नाही. कताईच्या खात्यांत आजही हवा दमट ठेवावीच लागते, पण ती गाळून, खेळती ठेवून, आकड्यावर नजर ठेवून. निदान कोनांना शेवटची ओल देण्यासाठी अख्ख्या खोलीला, त्यातल्या माणसांसकट, भिजत ठेवायची गरज उरलेली नाही. दोनशे वर्षं सूत आणि माणूस एकाच वाफेत उभे होते. या यंत्राने निदान एका खात्यापुरती त्यांची फारकत केली.

पण तिथे माणसं होती किती? वायंडिंगच्या लांबलचक खोलीत मी मोजली. स्वयंचलित यंत्रांच्या रांगा, धागा तुटला की यंत्रच शोधतं आणि यंत्रच जोडतं, गाठसुद्धा न मारता. चार मुली फिरत होत्या. आत्याच्या खात्यात शंभरावर बायका होत्या.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. आत्याला आयुष्याच्या शेवटी दम्यासारखा खोकला होता. घरात सगळे म्हणायचे, गिरणीच्या ओलीने झालं. आता वाचल्यावर कळतं की कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा एक वेगळाच रोग आहे. सुटीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते, ही त्याची खूण. आणि ओलीने तर धूळ थोडी खाली बसते. मग आत्याचं काय होतं? ओल, धूळ, चाळीतली चूल, की सगळंच? तिला कुणी तपासलंच नाही. डॉक्टर खोकल्याचं औषध देत आणि ती लाल बाटली संपली की आत्या पुन्हा कामावर. तिने गुंडाळलेल्या सुतात किती टक्के पाणी होतं याची नोंद मात्र त्या गिरणीच्या वहीत नक्की झाली असणार.

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या, बहुतेक वायंडिंग आणि रीळ खात्यांत. पुढे जलद यंत्रं येत गेली आणि तो हिस्सा घटत गेला. आत्याच्या गिरणीतही नवी यंत्रं आली आणि बायकांना थोडेथोडे पैसे देऊन घरी बसवलं. ते साल १९६४. मी तेव्हा शाळेत होते. शेवटच्या दिवशी ती घरी आली, केसांतली पिंजर झटकली, पदर पिळल्यासारखा केला आणि आईला म्हणाली, "चला, आता वाळू दे मला." आम्ही सगळे हसलो. तीही हसली. मग बराच वेळ खिडकीत बसून राहिली. पुढची दोन वर्षं गिरणीचा भोंगा झाला की ती आपोआप उठून डबा शोधायची.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि त्यानंतर आमचं गिरणगाव पुन्हा कधी उभं राहिलं नाही. आत्या तो संप बघायला नव्हती, वडील होते. त्यांची ती कहाणी पुन्हा केव्हातरी. आता त्या गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत, आणि त्यांत मध्यवर्ती एसी. तिथे बसणाऱ्या पोरापोरींना या शब्दाचं मूळ सांगितलं तर त्यांना खरं वाटायचं नाही.

निघताना भाच्याने हातात एक कोन दिला. "घे मावशी, आठवण." पिंपातून नुकताच निघालेला, अजून कोमट होता. मी तो हातात तोलून बघितला. मग त्या चार मुलींपैकी एकीला विचारलं, "बाळ, पाणी प्यायला कुठे जाता गं?" तिने कोपऱ्यातल्या कूलरकडे बोट दाखवलं. "आणि कुणी वेळ बघतं का?" ती गोंधळली. "नाही हो आजी. लागलं की जातो."

कोन आता माझ्या कपाटात आहे, आत्याच्या फोटोशेजारी. घरच्या हवेत त्याची ओल थोडी कमी झाली असेल. पावसाळ्यात परत येईल.